मालनबाईचे पैकीच्या पैकी

मालनबाईला कुणाला नाव ठेवता येत नाही, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक आहे. आमटी खारट झाली तरी ही म्हणणार, "झक्कास झालीय." भावानं दिवाळीला नको त्या रंगाचं लुगडं आणलं तरी म्हणणार, "माझ्या मनातलाच रंग हुता बघ." एकदा लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं तिच्या पायावर गरम डाळ सांडली, तर ही बाई त्यालाच विचारते, "तुला भाजलं न्हाई ना रे बाबा?" आता अशा बाईला दवाखान्यातून कुणी फोन करायचा आणि म्हणायचं, "आजी, तुमचं मन कसं आहे, दहापैकी मार्क द्या," तर काय होणार? जे व्हायचं तेच झालं.

केडगाव मागं टाकून पुणे रस्त्यावरून आत वळलं की कांद्याच्या रानात तिची वस्ती लागते. समोरासमोर दोन घरं, मध्ये अंगण, अंगणात लिंबाचं झाड. एका घरात मालनबाई, तिचा मुलगा बिभीषण आणि सून. दुसऱ्या घरात तिची थोरली जाऊ राहीबाई आणि तिचा मुलगा कल्याण. दोघींचे धनी गेले, रानाच्या वाटण्या झाल्या, विहिरीच्या पाण्याचे वार ठरले, पण अंगण वाटायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. कुणी आठवणही काढली नाही.

मालनबाई नवरी होऊन या घरात आली तेव्हा सासू आधीच देवाघरी गेलेली. मग सासूपणा आला राहीबाईच्या अंगावर. ती तरी केवढी, चार वर्षांनी मोठी असेल नसेल. पण तिनं मालनला भाकरी थापायला शिकवली, नऊवारीचा काष्टा घालायला शिकवला, वाफ्यात पाणी कसं फिरवायचं ते दाखवलं. कान धरायची वेळ आली तेव्हा कानही धरला. पहिल्या बाळंतपणात मालन तापानं फणफणली तेव्हा हीच राहीबाई उशाशी बसून होती. मालनबाईनं हे सगळं असं काही मनात धरून ठेवलं की केस पांढरे झाले तरी अक्कापुढं डोक्यावरचा पदर ढळला नाही. आधी अक्काला वाढायचं, मग स्वतः घ्यायचं. आणि अक्का खाली बसलेली असताना आपण वर, खाटेवर म्हणा, खुर्चीवर म्हणा, बसायचं नाही. असं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. राहीबाईनं तर मुळीच नाही. पण ते होतं.

जन्मभर दोघींनी चिखलात उकिडवं बसून कांदा लावला, काढला, कापला. मग गुडघे काय लोखंडाचे असतात का? दोघींचेही गेले. दुपारी लिंबाखाली गोणपाट टाकून दोघी बसायच्या, तूर निवडायची, लसूण सोलायचा, राहीबाईच्या डबीतली मिश्री लावायची, आणि उठायची वेळ आली की एक म्हणायची "आई गंऽ", दुसरी म्हणायची "अगं आई गंऽ." पोरं हसायची. बिभीषण म्हणायचा, "भजनी मंडळ उठलं वाटतं."

पुढं मालनबाईला चार पावलं टाकणं मुश्कील झालं. बिभीषणानं तिला शहरात, सावेडीतल्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघे बदलावे लागतील. कल्याणनं राहीबाईलाही नेलं, तिलाही तेच सांगितलं. दोघी घाबरल्या. शेवटी राहीबाईनं फर्मान काढलं, "आधी मालन जाईल. जन्मभर मी म्होरं अन् तू मागं चाललीस, ह्या एका गोष्टीत तू म्होरं हो. तुझं नीट झालं की मी जाते."

ऑपरेशन छान झालं. डॉक्टर वयानं बिभीषणाहून लहान. दुसऱ्याच दिवशी आला, पलंगापाशी वाकला आणि मालनबाईचा पाय दोन्ही हातांत धरून म्हणाला, "हं आजी, उचला." मालनबाई कावरीबावरी झाली. एवढा शिकलेला माणूस आपल्या पायाला हात लावतो म्हणजे काय! तिनं पडल्या पडल्या त्यालाच हात जोडले. "डॉक्टर, असं नका करू, मला पाप लागंल." तो हसला. पण मालनबाईच्या मनात ते पक्कं बसलं. या पोराचं आपण कधी वाईट करायचं नाही.

घरी येताना सूचना मिळाल्या. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही. बिभीषणानं आधीच खुर्चीसारखा संडास बांधून घेतला होता, आता केडगावातून उंच, हातांची भक्कम खुर्चीही आणली. अंगणात लिंबाखाली खुर्ची मांडली, मालनबाईला वर बसवलं. बघायला बाया आल्या. राहीबाई नेहमीसारखी गोणपाटावर बसली, मालनच्या नव्या पायांपाशी. तेवढ्यात पलीकडच्या रानातली छबूबाई आली. तिच्या जिभेला हाड आहे का? ती आल्या आल्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय बाई दिवस आले! धाकली सिंहासनावर, अन् थोरली पायाशी!"

सगळ्या बाया हसल्या. राहीबाई सगळ्यांत मोठ्यानं हसली.  मालनबाईनं मात्र खाली पाहिलं. राहीबाईच्या डोक्यावरचा पदर हसता हसता मागं सरकला होता आणि वरून तिचा भांग दिसत होता, विरळ झालेला, आतली कातडी दाखवणारा. इतक्या वर्षांत अक्काचं डोकं वरून पाहायची वेळ मालनबाईवर कधी आली नव्हती. तिला वाटलं, धरणी दुभंगावी आणि ही खुर्ची आत जावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी राहीबाईनं हाक मारली, "मालन, ये गं, लसूण सोलायचाय."

"पाय ठनकतोय अक्का, पडते जरा."

पाय ठणकत नव्हता. पाय उत्तम होता. घरात कुणी नसलं की मालनबाई स्वयंपाकघरापासून मागच्या दारापर्यंत फेऱ्या मारायची आणि कुणी आलं की पलंगावर जाऊन पडायची. खाली बसायची सोय नाही, वर बसायची हिंमत नाही, मग अंगणात जाऊन करायचं काय? रोज दुपारी हाक यायची, रोज पाय ठणकायचा. हळूहळू हाक यायची बंद झाली. मालनबाई खिडकीतून बघायची. लिंबाखाली राहीबाई एकटीच बसलेली असायची, आणि उठताना "आई गंऽ" म्हणायची. त्याला उत्तर द्यायला कुणी नसायचं.  मालनबाईचं जेवण कमी झालं, झोप उडाली, सून काही बोलली की डोळ्यांत पाणी यायचं.

आणि याच दिवसांत सावेडीहून साराचा फोन यायला लागला.

सारा साळवे ही त्या दवाखान्यातली मुलगी. ऑपरेशन झालेल्यांना घरी गेल्यावर फोन करायचा, पाय किती वाकतो, किती चालता ते विचारायचं, आणि मग मनाचे प्रश्न विचारायचे, हे तिचं काम. आवाज गोड, बोलणं मायेचं. पहिल्याच फोनला तिनं नीट समजावलं, "आजी, गुडघा बरा झाला तरी पुष्कळ लोकांचं मन खाली जातं. ते आम्हाला कळायला हवं. मी विचारीन, तुम्ही दहापैकी मार्क द्यायचे. दहा म्हणजे अगदी मस्त."

मालनबाईनं सगळं ऐकून घेतलं, त्यातला 'मार्क' तेवढा धरला, आणि स्वतःशी हिशेब केला. मार्क म्हणजे परीक्षा. परीक्षा कुणाची? ज्यानं ऑपरेशन केलं त्याची. आपण कमी मार्क दिले तर वरचे साहेब त्याला बोलणार, पगारही कापतील, काय सांगावं. पायाला हात लावणाऱ्या लेकराला आपल्या तोंडानं नापास करायचं? छे! 

"झोप कशी लागते आजी?"

"लई गाढ. दहा."

"उदास वाटतं का कधी? अजिबात वाटत नसेल तर दहा."

"कशापाई वाटंल? दहा."

"सगळ्यालाच दहा आजी? खरं सांगा हं."

"खरंच की बाई. डॉक्टर देवमानूस हाय."

सारा बरं म्हणायची, फोन ठेवायची. मालनबाई पदरानं डोळे पुसायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एकदा जेवताना बिभीषण म्हणाला, "आई, कल्यान सांगत हुता, मोठी आई ऑपरेशनला न्हाई म्हनती. तारीख मिळाली हुती, ती बी मोडली."

"का?"

"का म्हंजी? तुझ्याकडं बघून. म्हनती, मालननं पाय बदलले अन् बाई घरात कोंडून पडली. त्यापरीस माझे मोडके बरे."

मालनबाईनं ताट बाजूला सारलं. आता आली का पंचाईत! आपल्यामुळं अक्का जन्मभर "आई गं" म्हणत बसणार. तिला जाऊन सांगावं, पाय चांगले आहेत, तर मग ती विचारणार, इतके दिवस तोंड का लपवलंस? त्याला काय उत्तर द्यायचं? "तुमच्यापेक्षा उंच बसायची लाज वाटते" म्हणायचं? ते तोंडातून निघणारच नाही. अशी ती आतल्या आत कुढत राहिली.

दोन-तीन दिवसांत राहीबाई स्वतःच आली. मालनला आवडतात म्हणून हुलग्याचे शेंगोळे करून, वाटी पदराखाली झाकून, काठी टेकत टेकत अंगण ओलांडून आली. घरात दुसरं कुणी नव्हतं. आणि नेमका त्याच वेळी साराचा फोन चालू होता. मालनबाईला फोन कानाला लावला की नीट ऐकू येत नाही, ती स्पीकर लावून मांडीवर ठेवते. तेव्हा दाराबाहेरच्या माणसालाही सगळं ऐकू जातं.

"घरात मन रमतं का आजी?"

"लई रमतं. दहा."

"शेजारपाजारच्यांची, जवळच्या माणसांची आठवण येते का? एकटं वाटतं का?"

"न्हाई गं बाई. कुनाची बी आठवन न्हाई, काय न्हाई. मजेत हाय मी. दहा घाला."

दारात वाटी ठेवल्याचा आवाज आला. मालनबाईनं मान वळवली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

राहीबाई उंबऱ्याला धरून उभी होती. "बरं झालं ऐकलं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुझा पाय दुखतोय. माझा जीव टांगनीला लागला हुता गं. रोज देवाला म्हनत हुते, माझ्या धाकलीला बरं कर. अन् हितं बाई मजेत हाय. कुनाची आठवन बी न्हाई." तिनं काठी सावरली. "पाय नवे आले, मानसं जुनी झाली, व्हय?"

"अक्का, अवो तसं न्हाई..."

पण राहीबाई ऐकायला थांबली नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी जमेल तितक्या भराभर ती अंगण ओलांडून गेली, आणि तिनं दार लावून घेतलं. भर दुपारी त्या घराचं दार लागलेलं मालनबाईनं कधी पाहिलं नव्हतं. राहीबाईचा धनी गेला त्या दिवशीसुद्धा ते उघडं होतं.

मालनबाईनं फोन उचलला तर तो मघाशीच बंद झालेला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतः हिरवं बटण दाबलं.

"आजी? मध्येच काय झालं?" सारा म्हणाली.

"मला माझे मार्क बदलायचेत."

"कुठले?"

"समदे," मालनबाई म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली. रडता रडताही तिला एक चुकायचं नव्हतं. "पन डॉक्टरला काय बोलू नका. त्याची काय चूक न्हाई. त्याचा पगार कापू नका, माझ्या गळ्याची आन हाय तुमाला!"

 साराला हसू आलं, आणि लगेच तिचाही आवाज ओला झाला. "आजी, अहो, तुम्ही इतके दिवस डॉक्टरांना मार्क देत होतात का? हे त्यांचे मार्क नाहीत हो. तुमच्या मार्कांनी कुणी पास होत नाही, कुणी नापास होत नाही. हे फक्त तुमचं मन कुठं आहे ते कळायला. दोन म्हणालात तर कुणी रागावणार नाही, उलट आम्हाला कळेल, आजींना आपली गरज आहे."

"डॉक्टरला कायच हुनार न्हाई?"

"काहीच नाही."

मालनबाईचा जीव भांड्यात पडला. इतका मोठा सुस्कारा सोडला तिनं की पलीकडं साराला वाटलं, वारं सुटलं. "मग ल्ह्या पोरी," ती म्हणाली, आणि सारा आता बाई-मॅडम न राहता पोरगी झाली. "झोप, दोन. जेवन, तीन. एकटं वाटतं का म्हनालीस ना, त्याला काय असतं खाली? शून्य असतंय का? मग शून्यच घाल."

गंमत बघा, एकेक मार्क खाली येत होता आणि बाईची छाती हलकी होत होती. जन्मात कशालाही कमी मार्क न दिलेली बाई, पण आता काय सुटली होती! शून्य देऊन झाल्यावर तिनं खुर्चीची गोष्ट सांगितली, छबूबाईचं बोलणं सांगितलं, अक्काचा भांग सांगितला. सारा हसली नाही. ती म्हणाली, "आमच्या चर्चमध्ये बाया सतरंजीवर बसतात. माझ्या आजीला गुडघ्यांमुळं खुर्ची घ्यावी लागली, तर तिनं वर्षभर चर्चच सोडलं होतं. तुम्हाला काय वाटतं ते मला कळतंय. पण हे तुम्ही तुमच्या अक्कांना सांगितलंय का?"

"न्हाई."

"मग आजी, मला शून्य सांगून किती उपयोग? मी सावेडीत. त्या तुमच्या अंगणापलीकडं."

फोन ठेवून मालनबाई उठली.  तोंडावर पाणी मारलं, डोक्यावरून पदर घेतला, आणि ती उंच खुर्ची दोन्ही हातांनी धरून ओढत बाहेर काढली. भर उन्हात, खर्रखर्र आवाज करत, अंगणातून ओढत नेली. वॉकर नाही, काठी नाही. पलीकडच्या बांधावरून छबूबाई बघत होती. बघू दे, म्हणाली मालनबाई मनात, हिच्यामुळंच सगळं रामायण झालं.

राहीबाईच्या दारापुढं खुर्ची ठेवून तिनं कडी वाजवली.

"अक्का, दार उघडा."

"कशाला? मजेत हायेस ना?"

"न्हाई. खोटं बोलले मी. डॉक्टरला मार्क कमी पडतील म्हनून खोटं बोलले."

 मग दार उघडलं. राहीबाईचे डोळे सुजलेले होते. तिनं आधी मालनचं तोंड पाहिलं, मग खाली पाय पाहिले, सरळ, न थरथरता उभे असलेले पाय. मग खुर्ची पाहिली.

"ही कशाला आनलीस?"

"तुमच्यासाठी. बसा तुमी हिच्यावर. तुमी खाली अन् मी वर, हे माझ्यानं हुईना म्हनून मी तोंड लपवत हुते. खाली मला बसता येत न्हाई आता. पन उभं ऱ्हाता येतंय. तुमी बसा, मी उभी ऱ्हाते."

 "एवढ्यापाई?" राहीबाई म्हणाली. "एवढ्यापाई तू मला एकटीला लसूण सोलायला लावलास? अगं येडे!" आणि तिनं खरोखर जुन्या दिवसांसारखा मालनचा कान धरला. "उभी किती येळ ऱ्हाशील?"

"तुमी बस म्हनंपर्यंत."

"मग बस."

"खुर्ची एकच हाय अक्का."

राहीबाईनं घरात तोंड करून अशी हाक दिली की गोठ्यातली गाय दचकली. "कल्यान! पडवीतली खुर्ची आन! न्हाई, धूळ पुसत बसू नको, आन तशीच!"

कल्याणनं खुर्ची आणली. दोन्ही खुर्च्या लिंबाखाली लागल्या. राहीबाई दोन्ही हातांवर भार देऊन हळूच टेकली, पाठ मागं लावली, पाय लांब केले, आणि तिच्या तोंडावर असा काही निवांतपणा आला की शेजारच्या खुर्चीत टेकलेल्या मालनबाईला हसू फुटलं.

"हसतीस काय?" राहीबाई म्हणाली. "मला बी कवापासून वर बसायचं हुतं. खालनं उठताना जीव जातो. पन मी थोरली, मीच आधी खुर्ची मागितली तर धाकली म्हनंल, म्हातारी झाली." तिनं कमरेची मिश्रीची डबी काढली आणि हात लांब करून पुढं केली. आता हात वर करावा लागत नव्हता, खालीही करावा लागत नव्हता. "मार्काची काय भानगड हाय ती सांग आता मला नीट. अन् कल्यान, त्या डॉक्टरला फोन लाव. तारीख घे."

मोडलेल्या तारखेच्या जागी दुसरी तारीख मिळाली. राहीबाईचेही गुडघे बदलले. दुसऱ्या दिवशी सारा तिच्या पलंगापाशी आली, ओळख झाली, आणि तिनं विचारलं, "आजी, आज मनाला कसं वाटतंय? दहापैकी किती?"

राहीबाईचे पाय सुजलेले, ओठ कोरडे, रात्रभर झोप नाही. पण तेवढ्यात डॉक्टर आत आले आणि तिचा पाय दोन्ही हातांत घेऊन वाकले. राहीबाईनं गडबडीनं हात जोडले. "दहा," ती म्हणाली. "पैकीच्या पैकी. देवमानूस हायेत."

उशाशी खुर्चीत मालनबाई बसली होती, अक्कासाठी पाण्यात लिंबू पिळत. तिनं मान वरसुद्धा केली नाही.

"खोटं बोलत्यात त्या," मालनबाई म्हणाली. "चार घाल, पोरी."